मशीन थांबल्यावर

नाहिदने डोकं बाहेर ओढलं आणि बावीस मिनिटांची मेहनत पाण्यात गेली.

काचेच्या अलीकडे मशीन चालवता चालवता मी कपाळाला हात लावला. नऊ वर्षांची पोर, बोलत नाही, कुणी हात लावलेला खपत नाही. एमआरआयच्या बोगद्यात कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात ती जराही हलली नव्हती, आणि आवाज थांबताच उठायला निघाली. स्वमग्न मुलांच्या मेंदूचा अभ्यास करणारे डॉक्टर दर रविवारी यवतमाळला आमचं मशीन घेतात. गुंगीचं औषध द्यायचं नाही आणि एका मुलाला दोनच संधी, हे त्यांचे नियम. तिची एक गेली.

तिचा बाप वाहिद जवळच्याच लोहारा गावात पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. अशा कारागिराच्या डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला असू शकतो, म्हणून त्याला चुंबकाच्या खोलीत सोडत नाहीत. आत आई सईदा होती, वाहिद माझ्याजवळ.

मी चिडूनच विचारलं, घरी सराव केला नव्हता का? केला होता, महिनाभर. निळा ड्रम दोन्ही बाजूंनी कापून त्यात तो तिला झोपवायचा आणि शेजारी मोटार चालवायचा. अक्कल भारीच. पण त्याच्या दुकानात मोटार थांबली की काम संपलं. आमचं मशीन मात्र मधे मधे थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. हे मीच त्याला आधी सांगायला हवं होतं.

"मंग थांबल्यावरबी पडून राह्याचं शिकवतो," तो म्हणाला आणि स्वतःच्या बोटांकडे पाहू लागला. मग म्हणाला, "पन मॅडम, मोटार थांबली का ते उठून येते अन् माहं बोट धरते. अख्ख्या दिवसातून तेवढंच. तिच्या मनानं."

मी म्हटलं, मग वाहिदभाई, राहू द्या. यातून तुम्हाला काही मिळायचं नाही. एका मुलाच्या चित्रावरून काहीच ठरत नाही, शेकडो मुलांची एकत्र ठेवून पाहतात. मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी कसा जोडलाय, ते शोधताहेत.

"म्हंजे वायंडिंग पाह्यता. जळेल नाही, वेगळं भरेल हाय."

तारा जळालेल्या नाहीत, फक्त वेगळ्या गुंडाळल्यात. मी वर्षभर आईबापांना हेच समजावतेय. इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

त्याने काचेतून सईदाकडे पाहिलं. "लोक हिले म्हनतात, तूच लक्ष नाही देलं म्हनून पोरगी अशी झाली. नऊ वर्सं ऐकून राह्यली."

आईची चूक नसते, हे डॉक्टरांना केव्हाच माहीत आहे, मी म्हणाले.

"मोहल्ल्याले नाही ना माहीत. आमच्या लोकांले फोटो दाखवल्याबिगर पटत नाही. हिच्यासाठी नाही, तं उद्या दुसऱ्या कोन्या माईसाठी होईन."

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. सईदा सांगत होती, वाहिद रोज मोटार बंद करायचा आणि पोरगी उठायला लागली की स्वतःच ड्रमाशेजारी जमिनीवर आडवा व्हायचा. मोटार पुन्हा सुरू होईपर्यंत दोघं तशीच पडून. गिऱ्हाइकं हसायची. दिवसातून वीस वेळा, न चुकता. बोटं मुठीत मिटून ठेवायचा, म्हणाली.

मशीन पहिल्यांदा थांबलं. नाहिद पडून राहिली. दुसऱ्यांदा थांबलं, तिसऱ्यांदा थांबलं. वाहिदचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. चाळीस मिनिटांनी पडद्यावर तिच्या मेंदूचं चित्र आलं, कुठेही न हललेलं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

सईदाने हाक मारल्यावर नाहिद उतरली. बाहेर आली, वाहिदच्या समोरून गेली आणि बाकावर जाऊन बसली. तोही तिच्याशेजारी बसला.

मी चित्राची प्रत आणून दिली. त्याने ती डाव्या हातात धरली आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. उजवा हात बाकावर तिच्या बाजूला ठेवला होता, बोटं उघडी.