यूनुसचा ताईत

हमीदने धक्क्यावरून एक उपाशी कानडी बुवा खोलीवर आणला आणि याकूबने त्याला पाहताच ओळखलं. चौसष्ट सालचा जून होता. आखातातल्या देरा बंदरावरच्या त्या खोलीत रत्नागिरीकडचे नऊ जण राहायचे. त्यांत कानडी एकट्या याकूबला यायचं. कारवारच्या होड्यांवर त्याने सहा वर्षं काढली होती.

बुवा कवी होता. घाटावरची सगळी गावं त्याने पायाखाली घातली होती. जिथे जेवायचा त्या घरधन्यावर तीन ओळी रचायचा, आणि त्या खऱ्या असायच्या. त्यामुळे एका गावात जेवण तर दुसऱ्यात जोडे, असा त्याचा संसार. कारवारला जमीन संपली तेव्हा तो चोरट्या लाँचमध्ये चढला. त्याच लाँचमध्ये याकूब होता, आणि याकूबचा मेहुणा, म्हणजे हमीदचा थोरला भाऊ यूनुस.

खोर फक्कानला, डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर, लाँचवाल्याने सगळ्यांना कमरेभर पाण्यात उतरवलं. यूनुसला तिथेच लाटेने ओढून नेलं, असं याकूबने हमीदला सांगितलं होतं. खरं म्हणजे यूनुस पुढे डोंगरात पाय मोडून बसला, आणि दोघांची मिळून असलेली पाण्याची मशक उचलून याकूब चालता झाला. मागून येणारा बुवाही डोंगरातच संपला असणार, असं त्याने मनाला पटवलं होतं.

तीन दिवस याकूबने निभावून नेलं. खोली चालवणाऱ्या तय्यबवर बुवाने पद म्हटलं: ओठावर अल्ला, डोळा दुसऱ्याच्या ताटावर. याकूबने सांगितलं, "म्हणतो, तय्यबशेठचा हात मोठा." तय्यबने बुवाला सुरमईची आणखी एक तुकडी वाढली. आपल्या थापेने एका भुकेल्याचं पोट भरतंय, याचा याकूबला थोडा अभिमानही वाटला. माणूस असा निलाजरा असतो.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली आणि बुवाने याकूबवरचं पद म्हटलं.

बसला तो डोंगरात राहिला.
चालला त्याच्या खांद्यावर दोघांचं पाणी.
यूनुसने मरताना त्याचं नाव घेतलं, शिवी नाही घातली.

मग घोंगडीच्या गाठीतून एक ताईत काढून त्याने हमीदपुढे धरला. आईने यूनुसच्या गळ्यात बांधलेला तो ताईत हमीदने लगेच ओळखला.

"दुल्हाभाई, ये क्या बोलता है? भाईजानचं नाव का घेतलं त्याने?"

याकूबने नेहमीसारखं त्याचं मराठी करून सांगितलं.

"म्हणतो, किनाऱ्यावर मय्यत सापडली. गळ्यातलं काढून घेतलं. आता बोला, काय देता?"

हमीदने बुवाला लाथेने उंबऱ्याबाहेर घातलं. त्याचं पाण्याचं मडकं भिंतीवर फोडलं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. बुवाने गयावया केली नाही, याकूबकडे बघून तो कानडीत एवढंच म्हणाला, "पुन्हा पाणीच का रे?" आणि खाडीच्या बाजूने चालायला लागला. दुसऱ्या दिवशी शारजाच्या वाटेवर त्याचं प्रेत सापडलं. "खलास, चोराला सजा मिळाली," तय्यब म्हणाला.

आठवड्याने हमीदने ताईताची कातडी नव्याने शिवायला उसवली. आतल्या कागदावर केशराच्या शाईने लिहिलेली आयत जशीच्या तशी होती. तो डोळे पुसत याकूबकडे आला.

"अल्लाची कुदरत बघा, दुल्हाभाई. एवढ्या समुद्रात बुडून अक्षर फुटलं नाही. आता भाईजानच्या जागी मला तुम्हीच. मान खाली करा."

याकूबने मान खाली केली. हमीदने दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारली आणि ती पक्की बसली का, ते ओढून पाहिलं.