तबलजीचा हात

बुवा गात गात प्रवचन सांगायला उभे राहिले की देव सभागृहाच्या पायऱ्या चढून आत येतो, अशी तबलजीची बावीस वर्षांची खात्री होती. साथही तशीच मुरलेली. बुवांनी टोमणा मारला की वर एक ठणठणीत थाप पडायची आणि मगच लोक हसायचे.

त्या रविवारी बुवा म्हणाले, "पुरुषानं पुरुषाशी संसार थाटायचा? अहो, जनावरंसुद्धा लाजतील!"

थाप पडली. सभागृह खो खो हसलं. तबलजीला मात्र लेक आठवला. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं मान खाली घालून आपलं एका मुलावर प्रेम असल्याचं बापाला सांगितलं होतं. "देव बघून घेईल, तू जेवायला बस," एवढंच तबलजी म्हणाला होता, आणि पोरगा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला होता.

कुणीतरी मोबाइलवर टिपलेली त्या टोमण्याची क्लिप शहरभर फिरली. वर्तमानपत्रांनी बुवांना झोडपलं. सभागृहाच्या फाटकावर विद्यार्थी जमले, देव मानणारे, न मानणारे, सोबत एक वकीलबाई. कर्ण्यावर क्लिप सारखी वाजत होती: वाक्य, थाप, हशा. तबलजी आपले तबले न्यायला आला, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आला बघा बुवांचा चमचा!"

"काका, एवढी कसली गंमत वाटली हो?" वकीलबाईंनी विचारलं.

माझाच पोरगा तसा आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते गुपित पोराचं. तो तबले उचलायला आत गेला.

बुवांनी पत्रक काढलं: विधानाचा विपर्यास झाला, मनं दुखावली असल्यास क्षमस्व. फाटक रिकामं झालं.

"मिटलं बरं का," बुवा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "रविवारी सातला या."

क्लिप फिरल्यापासून पाचव्या दिवशी लेकानं एकदाचा फोन उचलला.

"अरे, हात आपोआप पडतो रे. सवयीचा गुलाम."

"माहीत आहे, बाबा. बुवांचं काही नाही, तसलं खूप ऐकलंय. पण ती थाप तुमची होती. लहानपणी ती ऐकतच झोपायचो मी."

"जेवायला ये."

"नको, बाबा."

रविवारी बुवांनी कंजूष माणसांवर एक साधाच टोमणा मारला. लोक थापेसाठी थांबले. तबलजीचा हात तबल्यावर पालथा पडून राहिला. बुवांनी वळून पाहिलं, पुन्हा टोमणा मारला. हात हलला नाही.

पुढच्या रविवारी त्या जागी दुसरा तबलजी होता, थापेला चोख. जुना तबलजी शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसला होता. बुवांचा गळा अजून तितकाच गोड होता. तेच त्याला सोसवेना.