खाटेखाली लपवलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. माझ्या झाकणावर 'विलास' असं नाव कोरलेलं आहे. वीस वर्षं मी विलासरावांबरोबर चाकणच्या कंपनीत गेलो. त्यांच्या बायकोच्या, दुर्गाबाईंच्या हातची भाजी सगळे बोटं चाटून खायचे आणि मी उगाच फुगायचो.

पुढे विलासरावांना साखरेचा आजार जडला. बूट चावला, जखम चिघळली आणि त्यांना पिंपरीच्या एका दवाखान्यात दाखल केलं. साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण पथ्याचं जेवण विलासरावांच्या घशाखाली उतरेना. दुर्गाबाईंचा जीव तुटायचा. मग त्या रोज दुपारी मला पदराआड आणू लागल्या. वर भाजी-भाकरी, तळाला तुपातला शिरा. दवाखान्याचं ताट शेजारच्या खाटेवर जायचं आणि खाणं झालं की मी खाटेखाली.

साखर चढतच गेली. डॉक्टरांनी इन्शुलिन वाढवलं, पुन्हा वाढवलं. मला सगळं ठाऊक होतं, पण डब्याला तोंड असलं तरी वाचा नसते.

मंगळवारी चाकणच्या चौकात वाहतूक तुंबली. दुर्गाबाई मला मांडीवर घेऊन रिक्षात अडकल्या. तिकडे इन्शुलिन वेळेवर दिलं गेलं. विलासरावांनी ताट देऊन टाकलं, "जेवलो" म्हणून सांगितलं आणि माझी वाट पाहत बसले.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते घामाने निथळत होते. दुर्गाबाईंनाही ओळखेनात. साखर एकदम घसरून बेचाळीसवर आली होती. निशिगंधा सिस्टर सलाईनमधून ग्लुकोज देत होत्या. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

विलासराव शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी मला उघडलं.

"मावशी, हे रोज येत होतं?"

"व्हय. घरचं अन्न कुनाला बाधतं का, सिस्टर?"

"आम्ही या शिऱ्यालाच इन्शुलिन देत होतो, मावशी. आज शिरा आला नाही, इन्शुलिन तेवढं आलं."

दुर्गाबाईंनी शिऱ्याचा कप्पा काढून सिस्टरांच्या हाती दिला.

अंगठ्याचं अजून काही खरं नाही. आता डॉक्टरांनी सांगितलेलीच भाजी-भाकरी मी नेतो आणि आधी सिस्टरांच्या टेबलावर उघडला जातो. मित्रांनो, दवाखान्यातल्या माणसासाठी डबा नेलात, तर त्यात काय आहे ते सिस्टरांना सांगा. मला लपवू नका. ज्यांना वीस वर्षं जेवू घातलं, ते माझ्यामुळेच मरणाच्या दारात जाऊन आले. आजवर सगळं पोटात घेतलं, पण एवढं मला अजून पचलेलं नाही.