न भेटणारी वर्तुळं

मार्चमधल्या एका सकाळी, लेनिनग्राडच्या आमच्या संस्थेत, मी मोठा शोध लावला. तो दुपारपर्यंत टिकला.

झालं असं, की गॅमा किरणांचा एक स्फोट आमच्या तीन यानांनी टिपला. एक शुक्राकडे निघालेलं, दुसरं शुक्र ओलांडून गेलेलं, तिसरं पृथ्वीभोवती फिरणारं. किरण प्रत्येकाकडे वेगळ्या क्षणी पोचले. दोन यानांच्या वेळांतल्या फरकावरून आकाशात एक वर्तुळ निघतं. स्फोट त्याच्यावर कुठंतरी. दुसऱ्या जोडीवरून दुसरं वर्तुळ. जिथं ती छेदतात, तिथं स्फोट.

वेळांची आकडेमोड फाइना मिरोनोव्हनांची. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. त्यांचे आकडे घेऊन मी, आकाश म्हणून वापरायच्या काळ्या गोलावर, खडूनं वर्तुळं काढली. ती एकमेकांना न शिवता शेजारून निघून गेली.

"हे दोन स्फोट आहेत!" मी ओरडलो. "एकाच वेळी! असं कुणी पाहिलेलं नाही."

"एका स्फोटात तुझं भागेना होय, स्लावा?" फाइना मिरोनोव्हना म्हणाल्या. "स्टॉकहोमला बक्षीस घ्यायला जाताना तुझी ती जुनाट टोपी मात्र नेऊ नकोस बाबा. राजा दचकेल."

"हसा तुम्ही."

"मी कुठं हसतेय? सदऱ्याचं बटण तुटलंय तुझं. ते आधी सापडलं तर बरं, एवढंच म्हणतेय."

मी साहेबांना, आर्सेनी ग्लेबोविचना, फोन करून टाकला. फाइना मिरोनोव्हनांनी चहा ओतला, कोबीचं सारण भरलेला पाव, पिरोझोक, पुढे सरकवला. "खा. थोर माणसं उपाशी शोभत नाहीत." मग वही उघडत म्हणाल्या, "तुझ्या शोधाला दृष्ट नको लागायला. एकदा तपासते."

अर्ध्या तासानं टोमणे थांबल्याचं माझ्या लक्षात आलं. वर पाहिलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"शुक्रापलीकडच्या यानाचं घड्याळ सव्वा सेकंद पुढे आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वजा करायचं. मी मिळवलं."

माझ्याकडे सकाळपासूनच्या टोमण्यांची उत्तरं साठली होती. त्यांचा चेहरा पाहून सगळी गिळली.

"तुमचं चुकलं म्हणजे घड्याळच बावळट असणार," मी म्हणालो.

"गप्प बस. खडू घे."

आता वर्तुळं दोन ठिकाणी छेदली. त्यातली एक जागा त्या क्षणी तिसऱ्या यानाला पृथ्वीआड होती, म्हणजे उरली एकच. नकाशा उघडला. तिथं काही नव्हतं. साधा एक ताराही नाही.

"सकाळपासून राबून रिकामी जागा शोधलीस की रे!" फाइना मिरोनोव्हनांचा आवाज परत आला होता. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आर्सेनी ग्लेबोविच आत आले. "कुठाय तो जोडस्फोट?"

"आकडेमोडीत चूक होती."

"कुणाची?"

"आमची..."

"माझी," फाइना मिरोनोव्हना म्हणाल्या. "हा उगाच वाटेकरी होतोय."

आर्सेनी ग्लेबोविचनी नकाशावरची ती मोकळी जागा बराच वेळ न्याहाळली. "छान. मोठ्या दुर्बिणीवाल्यांना तार करा. बघू दे त्यांना, नकाशात नसलेलं काय दिसतंय."

मी तार लिहायला बसलो. फाइना मिरोनोव्हना पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

"अक्षर नीट काढ, स्लावा. नाहीतर बिचारे भलतीच रिकामी जागा बघत बसतील."