वळसा

“अगं मावशी, दोर ओढू नकोस! ढिला सोड, ढिला!”

कावेतुना ओरडेपर्यंत उशीर झाला होता. ओटिलीमावशीने घाबरून दोन्ही हातांनी दोर खेचला. तिच्या शेळ्या राखणाऱ्या वासराएवढ्या कुत्र्याची, ओंगेआमाची, मान वर गेली, छाती पुढे आली, आणि पाणवठा सांभाळणाऱ्या गेर्सनकाकांच्या पिवळ्या कुत्रीने दात विचकले. मग नुसता धुरळा, भुंकणं आणि शेळ्यांची पळापळ. काकांनी बादलीभर पाणी फेकलं तेव्हा कुठे दोघं सुटी झाली.

“ओंगेआमा म्हणे! सिंहाचं नाव ठेवलंस, आता भोग!” काका गरजले. “ओटिली, शेवटचं सांगतो. हा पुन्हा माझ्या कुत्रीवर धावला, तर एक तर याला घालव, नाहीतर दुसरं पाणी शोध.”

दुसरं पाणी होतंच कुठे? आणि ओंगेआमाला घालवलं, तर चित्त्यांना रोजचंच जेवण. तो येण्याआधी मावशीचं एक करडू धड वाढत नव्हतं.

“दगाबाज मेला!” घरी येताना मावशी पुटपुटली. “शेपूट हलवत जातो आणि चावतो.”

“शेपूट हलली म्हणजे लाडातच आलाय असं थोडंच असतं? काठीसारखी ताठ, उंच हलली की समजायचं, डोकं तापलंय. कमरेपासून सगळं अंग लुळं हललं, की दोस्ती.”

“आली मोठी कुत्र्यांची डॉक्टरीण!”

कावेतुना खुदकन हसली. हॉस्टेलमधून सुट्टीला आलेल्या पोरीला टोमणे म्हणजे खाऊच. पण संध्याकाळी कुंपणाशी बसून आंबट दूध पिता पिता ती एकदम ताडकन उठली. दाढीवाला बोकड तडक ओंगेआमावर चालून गेला होता, आणि तोही सरळ समोरून पुढे झाला. कपाळाला कपाळ टेकलं, झालं. रामराम संपला.

“मावशी! अगं, तो वाईट नाहीये! डोळे उघडले तेव्हापासून शेळ्यांत वाढलाय ना तो, म्हणून कुत्र्यांनाही शेळीसारखाच भेटायला जातो, थेट नाकासमोर! कुत्र्यांत ते भांडण उकरून काढणं झालं. ती कशी बाजूने, वळसा घेत येतात.”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दोर धरला, लोंबता. लांबून गोल फिरली. ओंगेआमा ताठला की थांबायची. त्याने जमीन हुंगली की पुढे. पिवळीने तोंड फिरवलं, यानेही फिरवलं. शेवटी ती पुढचे पाय पसरून वाकली, म्हणजे चल, खेळूया!

“तुझं जमलं गं,” काका म्हणाले. “पण तू उद्या शाळेला जाणार. परवा कोण?”

मावशी शेळ्या हाकायला वळली.

सकाळी पाणवठ्यावरच शाळेकडची गाडी येणार होती. कावेतुनाने दोर मावशीच्या हातात दिला.

“नको गं बाई! हात कापतात माझे.”

“कापू देत. फक्त मूठ आवळू नकोस.”

मावशी निघाली. पिवळी उठली. ओंगेआमाची शेपूट उंच ताठ झाली. काकांनी बादली उचलली. ‘थांब’ हा शब्द कावेतुनाच्या ओठांवर आला, पण मावशी आधीच थांबली होती. मूठ सैल होती. ओंगेआमाने जीभ नाकावरून फिरवली, मान बाजूला वळवली, जमीन हुंगली.

“शहाणा माझा,” मावशी हळूच म्हणाली. “असं बाजूने, हं. माणसासारखं.”

“माणसासारखं नाही, कुत्र्यासारखं!” काका म्हणाले आणि बादली खाली ठेवली.

गाडीने भोंगा दिला. कावेतुनाने हात हलवला, पण मावशीने वळून पाहिलं नाही. तिथल्या बायका बांधतात तसा, गाईच्या शिंगांसारख्या दोन टोकांचा डोक्यावरचा फेटा जराही न डुलवता ती चालत होती, शेजारी तो भलामोठा कुत्रा, आणि तिच्या झग्याच्या रुंद घेराने वाळूत मागे एक लांब, गोल रेघ उमटत चालली होती.