उंबरा

माझा थोरला भाऊ शामू फौजेत असताना वारला, तिकडंच त्याचं दहन झालं. त्याच्या अस्थी घेऊन पलटणीतला हवालदार वडगावात आमच्या दारात आला, तेव्हा गल्लीतले विणकरांचे सगळे माग बंद होते.

तम्मण्णाकाका पुढं झाले. "अस्थी घरात न्यायच्या न्हाईत. दारातल्या लिंबाला बांधा."

माझं डोकंच फिरलं. "टांगायला त्यो काय जेवणाचा डबा हाय व्हय?"

"रीत हाय रं. मी काढली न्हाई."

हवालदार लाल कापडात बांधलेला कलश छातीशी धरून उभाच होता. आईनं त्याला विचारलं, "गाडीत कुठं ठेवलता रं ह्येला?"

"मांडीवर, आई. खाली टेकवला न्हाई."

आई उंबऱ्यावर बसली. मांडीवर पदर पसरला. "मग हितं दे. घरात बी न्हाई, भाईर बी न्हाई."

 हवालदारानं वाकून कलश तिच्या पदरात ठेवला.

उंबऱ्यावर बसलं की घराला दळिद्र येतं, म्हणून लहानपणी शामूला तिनंच कितीदा ओरडून उठवलं होतं. त्या दिवशी तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.