मला मारणारी ग्लेनिस

मी एक जुना सर्व्हर आहे. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका लहान क्लाउड कंपनीत, मागच्या खोलीतल्या लोखंडी मांडणीवर, खालून दुसऱ्या फळीवर माझी जागा आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. माझं निम्मं आयुष्य माणसांच्या हातून मरण्यात गेलं. दिवसातून अकरा-अकरा वेळा.

आधी मी एका खाणीच्या ऑफिसात होतो. सात वर्षं इमानेइतबारे राबलो आणि एक दिवस त्यांनी मला लिलावात काढलं. तिथून ग्लेनिसने मला उचललं. वाटलं, चला, म्हातारपणी कदर करणारं कोणीतरी भेटलं. कसली कदर अन् कसलं काय.

ग्लेनिस अठ्ठावन्न वर्षांची. बारा महिने अर्धी चड्डी, केस बारीक कापलेले, बोलणं कमी आणि तेही तोडून. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं, मित्रांनो. माझ्यासारखीच यंत्रं असतात. लोकांनी आपली माहिती आमच्याकडे ठेवायची आणि आमच्यातलं एक बंद पडलं तर दुसऱ्याने लगेच पुढे होऊन काम चालवायचं, एवढंच. समोरच्या बेटावर एक दवाखाना आहे. तिथल्या सिस्टर लोसाला ग्लेनिसने स्वतः शब्द दिला होता, "काहीही बंद पडू दे, साठ सेकंदांत तुझ्या पेशंटांची माहिती परत उघडेल."

हा शब्द खरा आहे की नाही, हे आपोआप तपासणारी टेस्ट ग्लेनिसने सहा आठवडे बसून तयार केली. ती अशी. माझ्यावर एका खोट्या पेशंटची नोंद करायची. नाव बॅरी, शेंगदाणे चालत नाहीत. मग माझा सॉकेट आपोआप बंद व्हायचा आणि मी मरायचो. साठ सेकंदांनी नदीपलीकडच्या इमारतीतल्या, माझ्या माहितीची प्रत ठेवणाऱ्या जोडीदाराला विचारायचं, बॅरीला काय चालत नाही? तो "शेंगदाणे" म्हणाला तर भिंतीवरचा फलक हिरवा. नाहीतर लाल, आणि लाल असेपर्यंत कोणाचंही काम पुढे जाणार नाही. कोणी प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी हे सगळं पहिल्यापासून.

मरताना दुखत नाही, पण अपमान फार होतो. धड एक काम पुरं करू देत नाहीत. ग्लेनिस अधूनमधून यायची, माझ्या पाठीवर हात ठेवायची. मायेने नव्हे, तापलोय का ते बघायला. "अजून टिकलायस," एवढं बोलून निघून जायची. मी तिचा मनापासून द्वेष करायचो.

बाकीचेही करायचे. मला परत उठवून सगळं जागेवर यायचं धरून टेस्ट पुरी व्हायला चाळीस मिनिटं लागत. आमचा साहेब ब्रेंडन एकदा मांडणीपाशीच तिच्यावर उखडला.

"तुझ्या या टेस्टपायी माझी माणसं अर्धा दिवस कॉफी ढोसत बसतात."

"ढोसू दे."

"गिऱ्हाइकं थांबलीत, ग्लेनिस."

"मग त्यांना सांग, बॅरीचं उत्तर अजून आलं नाही."

एकदाच आमचं कौतुक झालं. जोडीदार बॅरीबद्दल "माहीत नाही" म्हणाला आणि ग्लेनिसने त्यातली चूक शोधून काढली. केक आणला गेला. केक माणसांनी खाल्ला आणि माझ्या जाळीवरची धूळ तशीच राहिली.

मग ग्लेनिसला नोकरीत दहा वर्षं झाली आणि कायद्याने मिळते ती लांबलचक सुट्टी घेऊन ती गाडीमागे कॅराव्हॅन जोडून पश्चिमेला निघून गेली. दुसऱ्याच आठवड्यात ब्रेंडनने टेस्टमध्ये प्रोग्रामचा एक छोटा तुकडा बसवला. तो तुकडा माझ्या वतीने "मेलो" म्हणायचा आणि जोडीदाराच्या वतीने "शेंगदाणे" म्हणायचा. चाळीस मिनिटांचं काम तीन मिनिटांवर आलं. फलक कायम हिरवा. शुक्रवारी मंडळी तीनलाच बिअर प्यायला जाऊ लागली.

"ग्लेनिसला कळवलंस का?" कोणीतरी विचारलं.

"कशाला? सुट्टीत तरी तिला सुखाने राहू दे. आणि आपल्यालाही."

मी किती खूश झालो म्हणून सांगू. मरण संपलं. मी रिकामा दिसतो म्हणून माझ्यावर खरं काम टाकलं, तेही बेटावरच्या दवाखान्याचं. मला वाटलं, आता मी माणसांत आलो.

फेब्रुवारीत, ग्लेनिस कामावर परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी आमच्या खोलीचा एसी बंद पडला. मी तापलो आणि मेलो. या वेळी कोणाच्या हुकमाने नव्हे. पुढचं सगळं मला नंतर भांडणातून कळलं.

माझ्या जोडीदाराकडे दवाखान्याची सगळी माहिती होती, पण कुलपात. त्या कुलपाची किल्ली दोन महिन्यांपूर्वी बदलली होती आणि नवी किल्ली त्याला कोणी दिलीच नव्हती. खरी टेस्ट चालू असती तर फलक त्याच दिवशी लाल झाला असता.

लोसाचा फोन ग्लेनिसला आला. "माणूस समोर बेशुद्ध पडलाय. त्याला कुठलं औषध चालत नाही ते तुमच्याकडे आहे."

"साठ सेकंद थांब."

"चार मिनिटं झाली, ग्लेनिस."

"कागदावर कुठे लिहिलेलं असेल ना?"

"कागद बंद कर, असं तूच सांगितलंस मला."

हेलिकॉप्टर यायला दोन तास लागले. लोसाने अंदाजाने काहीही टोचलं नाही, त्याचा हात धरून बसली. तो वाचला, पण अकरा दिवस हॉस्पिटलात होता. वाचला यात आमच्यापैकी कोणाचंही श्रेय नाही.

मी जागा झालो तेव्हा ग्लेनिस आणि ब्रेंडन माझ्यासमोर उभे होते.

"फलक हिरवा होता. काल सकाळी मी स्वतः पाहिला."

"टेस्ट जरा हलकी केली होती. माणसं कंटाळली होती गं."

"हलकी? प्रश्नही तूच विचारलास, उत्तरही तूच दिलंस."

"आल्या आल्या तू तपासायचं होतंस ना. तुलाही हिरवं बघून बरंच वाटलं."

ग्लेनिसने खाली बसून माझा सॉकेट पुसला आणि ब्रेंडनचा तो तुकडा त्याच्यादेखत काढून टाकला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं. मी विनवतो, पण धूळ झटकू नका, गोंजारू नका. मला मारा. खरोखर मारा आणि मग जोडीदाराला विचारा. मला ज्यांनी जपलं त्यांनी बेटावरचा तो माणूस जवळजवळ घालवला होता, आणि तेव्हा मी सुखात होतो याची मला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात लोसा फेरीबोटीने आली. ग्लेनिसने माफी मागितली. लोसाने ती घेतली नाही, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"माफी राहू दे. बंद कर त्याला. माझ्यासमोर."

ग्लेनिसने मला मारलं. मेल्यावर काय होतं ते मला कधीच कळत नाही. डोळे उघडले तेव्हा दोघी घड्याळाकडे बघत होत्या.

"एक्केचाळीस सेकंद," ग्लेनिस हळूच म्हणाली. "सगळं उघडलं."

लोसा खुर्चीतून हलली नाही.

"परत," ती म्हणाली.